वाकलेला धागा

गुरुवारी सकाळी गार करायची पेटी उघडायची होती. सुरैय्या घरात सगळ्यांच्या आधी उठली आणि भट्टीवर मात्र सगळ्यांच्या शेवटी गेली. चहा उतू गेला, तो पुसला. पुसलेलं पुन्हा पुसलं. दोनदा हाक आली तेव्हा कुठे पदराला हात पुसत ती मागच्या पडवीत आली.

भट्टीच्या पाठीला लागून विटांची ती पेटी. तयार झालेली काच तिच्यात गरम राखेत ठेवायची आणि दोन दिवस हळूहळू निवू द्यायची. घाईने निवली की काच तडकते. आणि पेटीतून निघेपर्यंत कुणी तिची तारीफ करायची नाही, हा सासऱ्यांनी घालून दिलेला नियम. सासरे गेले, बांगड्यांचा धंदा कारखान्यांनी गिळला, शहाद्यात शिसगरांची, म्हणजे काच घडवणाऱ्यांची, म्हणून ही एकच भट्टी उरली. नियम तेवढा टिकला.

"कोनी हात लावू नका," तिचा नवरा अन्वर म्हणाला. "पहिले नाजमीनले देखू द्या."

झालं. बावीस वर्षं या पेटीत पहिला हात तिचा जात होता. धाकटी जाऊ घरात येऊन दोन वर्षं झाली नाहीत तोवर तो मान गेला, आणि गेला तोही असा, की कुणाला काही गेलंय हे कळूसुद्धा नये.

नाजमीनने बाह्या सारल्या आणि राखेत हात घातले. सुरैय्या बघत होती. राखेतून तुकडे निघावेत अशी तिची इच्छा होती. असं लिहायला बरं वाटत नाही, पण होती. आत्ताच, इथेच दिवा फुटलेला निघाला असता तर सुंठीवाचून खोकला गेला असता. कुणाला काही सांगायची वेळ आली नसती.

दिवा अख्खा निघाला.

नवापूरकडच्या नव्या चर्चसाठी पास्टर सॅम्युअल यांनी सांगितलेला तो टांगता दिवा कलिंगडाएवढा होता. पोटाचा गोळा अन्वरने फुंकलेला. त्याच्या अंगावरून पांढऱ्या, पिवळ्या आणि हिरव्या रेघा पीळ घेत वर चढलेल्या. त्या म्हणजे काचेच्या लांब कांड्या, तापल्या गोळ्यावर चिकटवून, लाटून, पिळून बसवलेल्या. आणि गळ्याभोवती गॅसच्या ज्योतीवर वळलेल्या मोहाच्या फुलांचे घोस. नाजमीनने फिरोजाबादहून माहेरचा बर्नर आणला होता, त्याच्यावर केलेले. फुंकलेली काच, ओढलेली काच, ज्योतीवर वळलेली काच, तिन्ही एका दिव्यात. असं काम या भट्टीवर कधी झालं नव्हतं. कल्पना धाकट्या दिराची, आफताबची, पण नाव त्याच्या बायकोचं झालं. दिवा व्हायच्या आधीच तालुक्याच्या पेपरात फोटो आला, त्यात मधोमध नाजमीन होती, शेजारी दोघे भाऊ, आणि कडेला एक कोपर. ते सुरैय्याचं.

अन्वरने दिवा उजेडात धरला, फिरवला, बोटाने टिचकी मारून नाद ऐकला.

"नाजमीनना हातमा बरकत शे," तो म्हणाला.

सुरैय्या तिथून निघाली. चुलीवर काही नव्हतं, तरी ती "दूध शे चुलीवर" असं म्हणून निघाली. बावीस वर्षं ती या माणसाच्या भट्टीसाठी कांड्या ओढत होती. सळईवर तापलेला काचेचा गोळा, एक टोक त्याच्या हातात, एक तिच्या, आणि ती उलट्या पावलांनी मागे मागे जायची, पडवीच्या टोकापर्यंत, कांडी एकसारखी बारीक होत जावी म्हणून. चालण्यात जरा झटका बसला की कांडी मध्ये बारीक होते. तिच्या हातून कधी झाली नाही. एवढ्या वर्षांत त्या हातात बरकत असल्याचं अन्वरच्या तोंडून निघालं नव्हतं. पिकतं तिथे विकत नाही म्हणतात ते काही उगाच नाही.

पण खरा काटा हा नव्हता. खरा काटा सोमवारचा होता.

भट्टीवर कुठलीही दोन रंगांची काच एकत्र करायची तर आधी धागा बघतात. दोन कांड्या शेजारी-शेजारी धरून ज्योतीत तापवायच्या, एकमेकींना चिकटवायच्या आणि हातभर धागा ओढायचा. धागा निवल्यावर सरळ राहिला तर दोन्ही काचा सारख्या आकसतात, त्यांचा संसार होईल. वाकला तर एक जास्त आकसते, एक कमी. अशा दोघी एका भांड्यात घातल्या की आज नाही उद्या, महिन्याने, कधीतरी भांडं तडकणार. हे धागा बघायचं काम घरात सासऱ्यांनंतर सुरैय्याचं. तिने ‘सरळ’ म्हटलं की सरळ.

नाजमीनने दिव्यासाठी भिंतीवरच्या जुन्या कांड्यांतली हिरवी निवडली होती. सासऱ्यांच्या काळात भंगारातल्या बाटल्या वितळवून सुरैय्यानेच ओढलेली, गडद, कुणी सहसा न वापरलेली. सोमवारी दुपारी सुरैय्याने तिचा धागा ओढला आणि तो तिच्या डोळ्यांदेखत विळ्यासारखा वाकला.

"भाभी, धागा कैसा है?" पलीकडून नाजमीनने विचारलं. ती फुलं वळत होती. मान वर काढली नाही.

त्याच सकाळी पेपर आला होता. कोपराचा.

"सीधा शे," सुरैय्या म्हणाली आणि धागा चुरडून राखेत टाकला.

मंगळवारी दिवा केला. तापलेली काच सगळी केशरीच दिसते, रंग निवल्यावर कळतो. त्या केशरी गोळ्यावर नाजमीन एकेक कांडी टेकवत गेली आणि सुरैय्या भट्टीचं दार धरून बघत राहिली. तेव्हाही बोलता आलं असतं. बुधवारीही आलं असतं. ती बोलली नाही.

दुपारी बाराच्या सुमाराला पास्टर सॅम्युअल आणि रूथबाई जीप घेऊन आले. रूथबाई शाळेत शिकवत. त्यांनी पेरूंची पिशवी सुरैय्याच्या हातात दिली आणि आल्या-आल्या दिव्यापाशी जाऊन उभ्या राहिल्या.

"ही मोहाचीच फुलं आहेत हो," त्या म्हणाल्या. "पाकळ्या मिटलेल्या, अगदी पहाटे पडतात तशी. कुणी केली?"

"नाजमीननी," आफताब म्हणाला. बायकोच्या कौतुकाने त्याला बसल्या जागी बसवत नव्हतं.

"आणि या रेघा?"

"वो डंडियाँ भाभी ने खींची हैं," नाजमीन म्हणाली. "हमारे उधर भी ऐसी कोई नहीं खींचता."

रूथबाईंनी वळून सुरैय्याकडे पाहिलं, हसल्या. सुरैय्याही हसली, आणि तिच्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. फुलं तिची, फोटो तिचा, आता मोठेपणाही तिनेच घ्यायचा! उरलेलं आमच्या ताटात वाढायचं, तेही चारचौघांत.

"कुठे लावणार?" अन्वरने विचारलं. पास्टरांशी तो जरा शाळेतलं मराठी बोले.

"वेदीच्या पुढे, मधोमध," सॅम्युअल म्हणाले. "तिथे खाली आमची गाणारी पोरं उभी राहतात. नाताळच्या पहिल्या गाण्याला दिवा लावायचा, असं पोरांनीच ठरवलंय. रोज विचारतात, दिवा कधी येणार, दिवा कधी येणार."

सुरैय्याच्या हातातून पिशवी सुटली. पेरू पडवीभर पळाले. ते गोळा करताना तिने गुडघ्यावर बसल्या-बसल्या हिशेब केला. आत बल्ब पेटणार. काच रोज तापणार, रोज निवणार. खाली पोरं. आत्तापर्यंत तिच्या मनात फक्त नाजमीनचं नाक कापलं जायचं होतं; डोकी फुटायची नव्हती.

तरी सरळ बोलायची हिंमत झाली नाही. माणूस चोरवाट शोधतं.

"मी काय म्हनस," ती उठून म्हणाली, "आठेच एक डाव पेटाडी देखूत ना."

"आते कसाले?" अन्वर म्हणाला. "चर्चमा पेटाडतीन."

"इतला दूर नेतस. आठेच देखेल बरं."

"भाभीचं बरोबर आहे," सॅम्युअल म्हणाले. "आम्हालाही बघायला मिळेल."

आफताबने जुन्या पद्धतीचा शंभरचा बल्ब शोधून आणला, हात लावला तर चटका बसेल असा. दिवा पडवीच्या हुकाला टांगला, दारं लोटून अंधार केला. भिंतींवर हिरव्या-पिवळ्या लाटा चढल्या. सगळे ‘वा’ म्हणाले. सुरैय्याने पाहुण्यांना ओढूनताणून जेवायला बसवलं ते दिव्यापासून लांब, आतल्या खोलीत. वाढता-वाढता ती दर दोन मिनिटांनी पडवीत जाई, कान लावून उभी राही. टिक असा एक आवाज. एवढाच हवा होता.

"बस ना वं," अन्वर म्हणाला. "कितला वेळ फिरी ऱ्हायनी?"

जेवणं झाली. पानं झाली. तास उलटला. दिवा ढिम्म. बल्ब काढला, काच निवली, तरी ढिम्म. आफताबने खोक्यात भाताचा पेंढा भरायला घेतला.

सुरैय्या दारात उभी राहिली. वाट अडवूनच.

"हाऊ दिवा नेऊ नका."

"काय व्हयनं?" अन्वरने विचारलं.

"हिरवी कांडी जुळत नही. धागा वाकना व्हता. फुटी जाई दिवा."

आफताबने पेंढ्यातून हात बाहेर काढला. "भाभी, सोमवारे तुम्हीच सांगं व्हतं ना, सीधा शे म्हनीसन?"

"मी खोटं सांगं."

नाजमीनच्या हातात खोक्याची दोरी होती, ती तशीच धरून राहिली.

अन्वर मात्र लाल झाला. पाहुण्यांसमोर आवाज चढवायचा नाही म्हणून दाबून बोलला, तो ओरडला असता तर बरं झालं असतं. "खोटं तू आते सांगी ऱ्हायनी. तासभर पेटना दिवा, तुन्हासमोर. काही व्हयनं का? तुले तिन्हं काम देखवत नही, हाई मी दोन वरीसथीन देखी ऱ्हायनू. पन पाहुनासमोर? जळस तू, सुरैय्या."

"हाव, जळस," सुरैय्या म्हणाली. म्हणाली आणि तिला स्वतःलाच आश्चर्य वाटलं. दोन वर्षं घशात अडकलेलं किती सहज बाहेर पडलं. "जळस मी. मन्हा फोटो नही, मन्हं नाव नही, तुम्हना तोंडमा मन्ही एक गोठ नही. जळस म्हनीसनच सांगं ना खोटं! पन धागा वाकना व्हता. खाले पोरं उभा ऱ्हातीन, पास्टर. नेऊ नका."

सॅम्युअलनी रूथबाईंकडे पाहिलं, रूथबाईंनी दिव्याकडे.

"दाखवता येईल का?" रूथबाईंनी हळूच विचारलं. बाई शाळेतल्या, भांडण कसं मिटतं ते त्यांना माहीत.

सुरैय्या कुणाच्या परवानगीसाठी थांबली नाही. नाजमीनच्या बर्नरसमोर बसली. या बर्नरला तिने आजवर हात लावला नव्हता, मानाचा प्रश्न होता, आज लावला. भिंतीवरची हिरवी कांडी घेतली, भट्टीच्या साध्या काचेची एक घेतली. दोन्ही शेजारी धरल्या, तापवल्या, चिकटवल्या, ओढल्या. हातभर धागा तिने लोखंडी पाटावर ठेवला. पाचही माणसं त्याच्यावर वाकली. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच, हे तिला ओढतानाच कळत होतं. धागा सरळ राहिला तर ती खोटारडी आणि मत्सरी. वाकला तर खरी, आणि त्याहून वाईट.

धागा हळूहळू वाकला. एक टोक पाटावरून उचललं गेलं.

अन्वर खाली बसला. भट्टीवर वाढलेल्या माणसाला याहून जास्त काही सांगावं लागत नाही. त्याच्या घराण्यात भांडणं झाली होती, वाटण्या झाल्या होत्या, एक चुलता सुरतेला निघून गेला तो परत तोंड दाखवायला आला नव्हता; पण धाग्याबद्दल कुणी खोटं बोललं नव्हतं.

"म्हणजे... दिवा न्यायचा नाही?" सॅम्युअलनी विचारलं.

"ले जाइए," नाजमीन म्हणाली.

सगळ्यांनी तिच्याकडे पाहिलं. तिने दोरी खाली ठेवली, बर्नरखालचा आपला पत्र्याचा डबा ओढला आणि त्यातून एक हिरवी कांडी काढली. भिंतीवरच्या हिरवीहून फिकी.

"दिवे में वो हरी है ही नहीं. ये है, मायके की. भट्टी का काँच भी वहीं से आता है, दोनों का मेल है." ती सुरैय्याकडे न बघता बोलत होती. "सोमवार को भाभी उठीं, तो मैंने भी धागा खींचा. मेरा भी मुड़ गया."

सुरैय्याने उठून दिवा उजेडात धरला. खरंच की. हिरवा फिका होता. आंधळ्यालाही दिसावा एवढा फिका. रंग ओळखण्यात जिचा हात कुणी धरला नसता, ती सकाळपासून त्याच्यात तडा शोधत होती. रंगाकडे तिने पाहिलंच नव्हतं.

पोरं वाचली, म्हणून तिला आधी बरं वाटायला हवं होतं. वाटलंही, पण मागाहून. पहिल्यांदा वाटलं ते हे: इतकं सगळं करून, दिव्यातली हिरवी रेघसुद्धा माझी नाही.

"तुले माहित व्हतं?" आफताब बायकोला म्हणाला. "सोमवारथीन? माले बी नही सांगं?"

नाजमीनने कांडी डब्यात परत ठेवली.

जीप गेली. जाताना रूथबाईंनी सुरैय्याचा हात हातात घेतला आणि सोडला. अन्वर फाटकापर्यंत पोचवून परत आला, पडवीच्या खांबाला टेकून उभा राहिला. त्याने सुरैय्याकडे पाहिलं नाही. बोलला ते भट्टीकडे बघून.

"आजथीन धागा नाजमीन देखी."

"हाव," सुरैय्या म्हणाली.

दोघे भाऊ बाजारात निघून गेले. सुरैय्या भिंतीवरच्या हिरव्या कांड्या उतरवायला लागली. पुन्हा कुणाच्या हाती लागू नयेत म्हणून फोडून टाकायच्या होत्या. नाजमीन आली आणि दुसऱ्या टोकाने उतरवायला लागली.

"चार दिवस गप का ऱ्हायनी तू?" सुरैय्याने विचारलं.

"देख रही थी, आप बोलती हैं कि नहीं."

"आनी मी नही बोलती तं?"

"तो गाड़ी जाने के बाद मैं बोलती. सबके सामने. आपका नाम लेकर." नाजमीनने चार कांड्या एकदम खाली ठेवल्या, एक फुटली. "मैं तो चाहती थी कि आप न बोलें."

सुरैय्याने तिच्याकडे पहिल्यांदाच नीट पाहिलं. पोरीचे डोळे भरले होते, पण रडण्याने नव्हे. ते पाणी सुरैय्याच्या चांगल्या ओळखीचं होतं. दोन वर्षं तिने ते आपल्याच आरशात पाहिलं होतं.

"तुले काय कमी व्हतं वं? फोटो तुन्हा, नाव तुन्हं."

"फोटो को क्या चाटूँ?" नाजमीन उसळली. "बाहरवालों के सामने मेरी तारीफ करते हैं भाईजान, और भट्टी पर रोज़ एक ही बात. दो साल से रोज़. डंडी हाथ में लेंगे, उजाले में देखेंगे, और बोलेंगे. मुझे तो अब रट गया है."

"काय रट गया?"

नाजमीनने नाक ओढलं आणि अन्वरची नक्कल करत, आपल्या मोडक्यातोडक्या अहिराणीत म्हणून दाखवलं, "‘सुरैय्यासारखी कांडी आख्खा खान्देशमा कोनी ओढत नही. तिन्हाजोडेथीन शीक.’"

सुरैय्याच्या हातातल्या कांड्या हातातच राहिल्या. धाग्याचा मान गेला होता, नवरा तोंडाकडे बघत नव्हता, आणि समोरची ही पोर उद्यापासून तिच्या जागेवर बसणार होती. हे सगळं तिला ठाऊक होतं.

"परत सांग," ती म्हणाली. "कसं सांगं त्यासनी? बठ्ठं सांग."